सवय झालेला मेंदू

आई गेली तेव्हा मनस्वीला रडू आलं नाही. संगमेश्वरच्या माहेरी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हमसून रडत होत्या आणि ती आल्यागेल्याच्या चहाचं बघत होती. "पोरीचं काळीज दगडाचं गो," कुणीतरी म्हणालं. तिनं ते ऐकलं. तेही कुठे लागलं नाही.

मनस्वी रत्नागिरी डेपोत कंडक्टर. लेकीच्या, वेदिकाच्या, वेळच्या बाळंतपणानंतर तिला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. वेदिका आता चौथीत होती. गोळ्यांनीच तिला अंथरुणातून उठवून कामावर धाडलं होतं, हे ती विसरली नव्हती. तरी आपलं रडू त्यांनीच आटवलं असं वाटून माहेराहून परतल्यावर तिनं त्या बंद केल्या. नवऱ्याला, दीपकला, सांगितलंसुद्धा नाही.

थोड्याच दिवसांत मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. झोप उडाली. वेदिकानं डबा सांडला तर ती इतकी ओरडली की पोर दाराआड जाऊन बसली. मग एका सकाळी पालीच्या गाडीत तिकीट देता देता तिचा तोल गेला आणि ती सीटांच्या मधे कोसळली. ड्रायव्हर रावजींनी गाडी बाजूला घेतली.

"काय होतंय गो बाय? घरी फोन करू?"

"करा," ती म्हणाली. उठायचंही त्राण नव्हतं.

दीपक तिला थेट तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे तिनं सगळं सांगून टाकलं.

"मेंदूतल्या पेशी सेरोटोनिनसारख्या रसायनांतून एकमेकींना निरोप पाठवतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळीमुळे ते रसायन पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ टिकतं. वर्षानुवर्षं तसं राहिलं की पेशी त्याच्या बेतानं स्वतःला बदलून घेतात. गोळी एकदम थांबवली तर त्यांना सावरायला वेळच मिळत नाही. नेमकं काय काय बदलतं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

"आणि रडू न येणं?"

"काहींना येतो असा बधिरपणा. गोळीचा असेल, आजाराचाही असेल. आता गोळी परत सुरू करू, मग डोस हळूहळू कमी करून बघू. पण आपल्या मनानं बंद करायचं नाही. महिने लागतील."

"दमले हो मी, डॉक्टर."

"दमणारच," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

गणपतीपर्यंत डोस अर्ध्यावर आला. त्याखाली उतरवला तशी सकाळी उठवेना, आंघोळ नकोशी झाली. डॉक्टरांनी पुन्हा अर्ध्यावर आणून सध्या तिथेच थांबायला सांगितलं. मनस्वीनं वाद घातला नाही.

दवाखान्याबाहेर आल्यावर दीपकनं विचारलं, "गोळी सुटली नाही, वाईट वाटतंय?"

"वाटतंय. थोडं," ती म्हणाली. "चल, वेदिका शाळेतून यायची वेळ झाली."