कोरे चोपन्न बाइट

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. आहे चित्राचीच, पण बरेच दिवस तसे माझ्या कपाळावर लिहिलेले नव्हते. माझ्यासारख्या फाईलचे पहिले चोपन्न बाइट म्हणजे तिचे हेडर. आत चित्र आहे, ते इतके रुंद आणि इतके उंच आहे, हे तिथे लिहायचे असते. माझ्या तिथे नुसती शून्ये होती.

माझा जन्म एका फोटो स्टुडिओत झाला. एका शिंप्याने आपल्या वारलेल्या बायकोचा एकुलता एक फोटो स्कॅन करायला आणला होता. फोटोचे पोपडे निघत होते आणि शिंप्याची नजर त्याहून वेगाने जात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"मोठ्या पडद्यावर एकदा डोळे भरून बघेन म्हणतो," तो म्हणाला.

बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली होती. "झालं काका," म्हणत स्टुडिओवाल्याने पेन ड्राइव्ह उपटला. झाले नव्हते. तिथले यंत्र हेडरची जागा मोकळी सोडून आधी चित्र उतरवायचे आणि हेडर सगळ्यात शेवटी भरायचे.

परतताना मूळ फोटो पाकिटासकट बसमध्ये राहिला. आता उरले ती मीच.

घरी मी काही केल्या उघडेना. शिंप्याची मुलगी एका कारखान्यात यंत्रांसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहायची. तिने माझ्यासाठीही एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो माझे पहिले दोन बाइट वाची, तिथे चित्राची खूण असलेली 'बी' आणि 'एम' ही अक्षरे न सापडल्याने "हे चित्र नाही" असे सांगून मोकळा होई. माझ्या पोटात एक बाई होती, आणि मला बोलता येत नव्हते.

मग तिने हेडर वाचणे सोडून दिले आणि ती रुंदीचे आकडे स्वतःच अंदाजाने भरू लागली. आकडा चुकला की प्रत्येक ओळ थोडी सरके आणि पडद्यावर तिरप्या पट्ट्या उमटत.

"बाबा, अजून थोडं थांबा."

"मी थांबेन गं. डोळे थांबतायत का बघ."

एका रविवारी दुपारी पट्ट्या सरळ झाल्या. बाबांना हाक मारायला तिने तोंड उघडले आणि तसेच मिटले. माझ्यासारख्या फाईलमध्ये चित्र खालून वर लिहितात. आधी पाय, चेहरा शेवटी. पडद्यावर चपला दिसत होत्या, मांडीवर ठेवलेले हात दिसत होते, पोलक्याच्या गळ्याची नाजूक शिवण दिसत होती. त्याच्या वर सगळे काळे होते; चेहरा उतरायच्या आतच पेन ड्राइव्ह उपटला गेला होता.

शिंपी भिंत चाचपत आला. आता त्याला उजेड आणि अंधार एवढेच कळत होते.

"दिसली का?"

"दिसली, बाबा. हसतेय."

तो पडद्यासमोर बसला.

"त्या फोटोत ती हसत नव्हती, बाळ."

मुलीने त्याचा हात धरला. दोघेही तसेच बसून राहिले.

पुढे तिने माझे हेडर नीट भरले. आता मी कुठल्याही संगणकावर चटकन उघडते. पण मला कोणी उघडत नाही.

मित्रांनो, कुणी आपले माणूस विश्वासाने तुमच्या हाती सोपवले, तर काम पुरे होईपर्यंत घाई आवरा. जे उतरलेच नाही, ते मागाहून कितीही हुशारी केली तरी वाचता येत नाही.