मेणकाकांना दुसऱ्यांदा कामावरून काढलं तेव्हा

कवळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा लॅबमध्ये सहा माणसं कामाला होती. पाच जणांना लोक नावाने हाक मारत, सहाव्याला मेणकाका म्हणत. दातांच्या दवाखान्यांतून मापं यायची, त्यांत प्लास्टर ओतून जबडा तयार व्हायचा आणि त्या जबड्यावर मेणाच्या हिरड्या चढवून एकेक दात लावायचं काम काकांचं. तेवीस वर्षं ते खिडकीजवळच्या टेबलाशी छोटीशी ज्योत पेटवून बसत. कुणी नवीन कामाला लागलं की त्याला ठरलेला विनोद ऐकवत, "इथे दात काढायचे नसतात, बसवायचे असतात." नवीन माणूस हसो न हसो, ते स्वतः पोटभर हसून घेत.

लॅब ताईंची होती. वडिलांच्या मागे त्यांनीच ती सांभाळली होती आणि काकांनी त्यांना परकर-पोलक्यात नसलं तरी शाळेच्या गणवेशात नक्कीच पाहिलं होतं. त्यामुळे त्या मालकीण झाल्या तरी त्यांना काकांना काही सांगायचं म्हणजे जीभ जरा जडच व्हायची.

गेल्या वर्षी काका गप्प झाले. विनोद बंद पडला. दुपारी डबा उघडायचे, आत बघायचे आणि पुन्हा झाकण लावायचे. एक दिवस ताईंच्या केबिनच्या दारात उभं राहून खालच्या आवाजात म्हणाले, "मनाच्या डॉक्टरांकडे जातोय. गोळ्या सुरू केल्यात. चारचौघांत बोलू नका, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं."

"बरं झालं सांगितलंत," ताई म्हणाल्या. त्यांनी खरोखरच कुणाला सांगितलं नाही, अगदी नवऱ्यालाही नाही.

मग मशीन आलं. दवाखान्यांनीच तगादा लावला होता, नाहीतर ती कामं दुसरीकडे गेली असती. कॉम्प्युटरवर जबडा फिरवायचा, बटण दाबायचं, की मशीन आपलं घरघरत दात घडवत बसायचं. तीन महिन्यांत काकांच्या टेबलावर आठवड्याला दोन-तीन मापं उरली. ताईंना कळत होतं, काकांनाही कळत होतं. ताईंनी महिनाभर रोज ठरवलं आणि रोज टाळलं. काकांचा चेहरा डोळ्यांसमोर आला की त्या दुसरंच काहीतरी काम काढून बसायच्या.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी काकांना बेसिनपाशी गाठलं. काका हात धूत होते.

"काका, आता मशीनमुळे... तुम्ही बघताच आहात. उद्यापासून नाही आलात तरी चालेल. कागदपत्रं महिनाअखेरीस घरी पाठवते."

काकांनी नळ बंद केला. "ठीक आहे." त्यांनी टॉवेलला बोट न् बोट पुसलं. "मेण कोरायची कोरणी माझी आहे. नेऊ का?"

"न्या की, न्या."

दोन मिनिटंही लागली नाहीत. काका जिना उतरून गेले आणि ताईंना अगदी सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज त्यांना पुढे पुष्कळ वाटली, पण त्या घडीला सुटल्यासारखंच वाटलं होतं, खोटं कशाला सांगा?

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लॅबमधला फोन वाजला. पलीकडून काकू, म्हणजे मेणकाकांची बायको.

"ताई, कामात आहात का? आमच्या ह्यांची दुपारची गोळी घरीच राहिली. मोबाइल उचलत नाहीत. तेवढं सांगाल का, की आता ती राहू द्या, रात्री दोन्ही एकदम घेऊ नका म्हणावं."

ताईंनी विचारलं, "ते... सकाळी निघाले का वेळेवर?"

"नेहमीसारखेच. डबा घेऊन. का हो?"

"काही नाही. सांगते मी," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. नऊ दिवस हा माणूस डबा घेऊन घराबाहेर पडत होता. कुठे जात होता?

त्यांनी तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "काका ना? मोठ्या हॉस्पिटलात दिसले की दोनदा. डोळ्यांच्या विभागाबाहेर बसले होते. मला वाटलं, मोतीबिंदू असेल. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं."

ताईंनी पर्स उचलली आणि निघाल्या.

डोळ्यांच्या विभागाबाहेर काका नव्हते. हाडांच्या विभागात नव्हते. कान-नाक-घशाबाहेरच्या लांबलचक बाकावर, भिंतीच्या कडेला, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसले होते. ताई जाऊन शेजारी बसल्या. काकांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा समोर पाहिलं, जणू त्यांचाच नंबर यायचा होता.

"काकूंचा फोन आला होता," ताई म्हणाल्या. "गोळी घरी राहिलीय."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"निरोप देते म्हटलं."

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "इथे बरं असतं. जो तो कशाची तरी वाट बघत असतो, त्यामुळे कुणी विचारत नाही. हाडांकडे गर्दी फार, धक्के बसतात. हा विभाग सगळ्यांत निवांत."

ताईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. त्यांनी ते गिळलं. येताना रिक्षात त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आडून आडून बोलायचं नाही. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "काका, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

एका बाईचा नंबर पुकारला गेला. ती उठून आत गेली. दार लागलं.

"येतं," काका म्हणाले. "रोज नाही. परवा आलं होतं." मग, "असं सरळ कुणी विचारलं नव्हतं."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"गेल्या आठवड्यात जायचं होतं. गेलो नाही. काय सांगू जाऊन? कामाचं कसं चाललंय, हे ते पहिलं विचारतात."

"कुठे बसतात ते?"

काकांनी बोट वर केलं. "इथेच. तिसऱ्या मजल्यावर." आणि ओशाळून म्हणाले, "सगळे विभाग पालथे घातले. तेवढा मजला सोडला."

"चला मग. मी बाहेर थांबते."

ते लगेच उठले नाहीत. ताईंनीही घाई केली नाही. दहा-पंधरा मिनिटांनी काका स्वतःच उठले, पिशवी खांद्याला लावली आणि जिन्याकडे निघाले. वर पाऊण तास आत होते. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण चाल जरा मोकळी वाटत होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या, चार दिवसांनी पुन्हा बोलावलं होतं आणि घरी आजच्या आज सगळं सांगा, असं बजावलं होतं.

"तुम्हीच सांगा तिला," काका रिक्षात म्हणाले.

"तुम्ही सांगा. मी शेजारी बसते."

काकांनी सांगितलं. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी, हातातला पेला गोल गोल फिरवत, सगळं सांगितलं. परवाचंही. काकूंनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. पण त्या बोलल्या ते ताईंशी.

"उभ्या उभ्या? हात धुताना?"

"हो."

"आणि त्यांना गोळ्या चालू आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं."

"मग?"

मशीनचं सांगता आलं असतं, दवाखान्यांचं सांगता आलं असतं, पण काकू ते विचारतच नव्हत्या. ताई एवढंच म्हणाल्या, "मला भीती वाटली. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगायची भीती वाटली, म्हणून पटकन उरकलं. माझं चुकलं."

काकूंनी चहा विचारला नाही, आणि ते योग्यच होतं.

दोन दिवसांनी ताई पुन्हा त्यांच्या घरी गेल्या. या वेळी आधी फोन करून, काकांना वेळ विचारून. बसल्यावर म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला परत कामावरून काढायला आलेय."

काकांनी चमकून बघितलं. "एकदा काढून समाधान झालं नाही?"

"नाही झालं. तेव्हा नीट काढलं नव्हतं. नोकरी परत देते असं खोटं बोलणार नाही, टेबलावर तेवढं काम उरलेलं नाही. पण सहा आठवडे या. जमेल तेवढे तास. डॉक्टरांचा दिवस सोडून. त्या सहा आठवड्यांत सगळ्यांना तुमच्या समोर सांगू, तुम्ही निरोप घ्या, दुसरं काम शोधायला मी मदत करते. आणि काय वाटतं ते मला तोंडावर सांगा. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही द्या."

"शिव्या मला येत नाहीत," काका म्हणाले.

"मला येतात," काकू आतून म्हणाल्या.

काकांना विचारून ताईंनी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. "काढलेल्या माणसाला बोलावून परत काढणार? अगं, लोक काय म्हणतील? आणि त्याचं मन सांभाळायला त्याचे डॉक्टर आहेत, घरचे आहेत. आपण दात बनवतो."

"तेवीस वर्षं ते दिवसाचे नऊ तास आपल्याकडे होते," ताई म्हणाल्या. "घरच्यांपेक्षा जास्त. आजार मी केला नाही, हे मला कळतं. पण आजारी आहेत हे माहीत असताना त्यांना जिन्यावरून उतरू दिलं, आणि पोचले का एवढंही विचारलं नाही. ते माझंच."

काका आले. पहिल्या आठवड्यात कुणाशी धड बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी केबिनमध्ये येऊन, दार लावून, बसून म्हणाले, "मला राग आलाय. तुमचा." ताई ऐकत राहिल्या. काका अर्धा तास बोलले. तेवीस वर्षांत इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. मध्येच त्यांचा आवाज चढला तेव्हा बाहेर मशीनवर बसलेल्या मुलीने काम थांबवलं. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "झालं. आता खालच्या जबड्याचं एक माप आहे, ते करतो."

नव्या कामासाठी ताईंनी लिहिलेलं शिफारसपत्रही त्यांनी दोनदा परत पाठवलं. "'अनुभवी' लिहू नका. अनुभवी सगळेच असतात. 'समोरचे सहा दात रुग्णाचा जुना फोटो बघून हाताने लावतात' असं लिहा. ते खरं आहे."

शेवटच्या दिवशी त्यांना हार-भाषण काही नको होतं. दुपारपर्यंत काम केलं, टेबल पुसलं, प्रत्येकापाशी जाऊन दोन शब्द बोलले आणि ऊन असतानाच घरी गेले. काकू खाली उभ्या होत्या. त्यांनी वर खिडकीत उभ्या असलेल्या ताईंकडे बघितलं, हसल्या मात्र नाहीत.

नवं काम मिळायला चार महिने लागले. ताईंनी पाच ठिकाणी शब्द टाकला, पण कुठेच जमलं नाही. मिळालं ते काकांनी स्वतःच शोधलं होतं. मशीनवर मुळीच विश्वास नसलेल्या एका म्हाताऱ्या दंतवैद्यांकडे, आठवड्याचे तीन दिवस. बाकीचे दिवस काही बरे जात, काही वाईट. वाईट दिवशी काय करायचं ते काका-काकूंनी डॉक्टरांबरोबर बसून ठरवलं होतं आणि तो कागद फ्रिजवर लावला होता.

ताई दर मंगळवारी अकराला फोन करत. कसे आहात, झोप लागते का, डॉक्टरांकडे गेलात का. काका नेमकं उत्तर देत, जास्त नाही, कमी नाही. सातव्या महिन्यात एका मंगळवारी ते म्हणाले, "ताई, एक सांगू का? रागावू नका. आता फोन बंद करा."

"का हो? काही चुकलं का?"

"चुकलं नाही. पण मंगळवार आला की मला वाटतं, मी अजून तुमच्याकडून निघतोच आहे. मला आता निघू द्या."

ताई म्हणाल्या, "बरं. पण तुम्हाला कधी वाटलं तर..."

"तर करीन. नंबर पाठ आहे." आणि काका हसले. फोनवर नीट ऐकू आलं नाही, पण हसलेच असावेत.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजले तेव्हा ताई मशीनपाशी उभ्या होत्या. एका रुग्णाचा वरचा जबडा स्क्रीनवर फिरत होता. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मशीनवरच्या मुलीला म्हणाल्या, "जरा त्याचा जुना फोटो काढ बरं. हसताना कसा दिसायचा ते बघू."