खिडकीतल्या बाईचा चेहरा

आमची धाकटी जुन्या बाजारातून लोकांनी टाकून दिलेली चित्रं आणते. तासभर समोर बसून बघते, मग सुरीनं सगळा रंग खरवडते, खलात कुटते, तेलात घोटते आणि त्याच कॅनव्हासवर तेच चित्र आठवणीनं पुन्हा काढते. आठवलं नाही तेवढी जागा कोरी. सगळे रंग एकत्र कुटले की एकच रंग निघतो, ओल्या चिखलाचा. लोक हौसेनं घेतातही. मी थोरली, फ्रेमा करते आणि डोकं मापापुरतंच चालवते.

त्या सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. घड्याळं दुरुस्त करणारे. भिंग कपाळावर तसंच चढवलेलं.

"सुनेनं आवराआवरीत एक चित्र देऊन टाकलं. खिडकीतली बाई. आमच्या हिनं स्वतःचंच काढलेलं. ती गेली, आता तेवढंच होतं. भंगारवाला म्हणाला, तुमच्याकडे आलंय."

मी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं खलाकडे. चित्र खलात होतं.

खोटं बोलायला जीभ रेटेना. सांगून टाकलं. आता बरसणार म्हणून मी मान खाली घातली, तर काका भिंग डोळ्यावर ओढून खलात वाकलेले.

"यात ती कुठली?"

"सगळं मिसळलं हो, काका." धाकटी रडकुंडीला आली. "पण मी काढते ना परत. लख्ख आठवतंय मला. खिडकी, पडदा, पाठमोरी बाई."

"पाठमोरी? छे! माझ्याकडे बघायची ती. तीस वर्षं त्या चित्रासमोर जेवलोय मी."

"पाठमोरीच होती."

"अगं, तू पाहिलंस तासभर!"

कुणी हटेना. शेवटी मी मोबाइल काढला. मापासाठी मी आधी फोटो घेऊन ठेवते. धाकटी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. काकांनी तो भिंगातून पाहिला. बराच वेळ.

"पाठमोरीच की हो," ते म्हणाले आणि हसू लागले. "आणि ती गेल्यापासून मी हिला रोज विचारतोय, आमटीत मीठ बरोबर पडलंय का!"

"चेहरे जमत नसतील त्यांना," मी म्हटलं. "मी चित्रं काढायचे तेव्हा मला हात जमायचे नाहीत, म्हणून माझी सगळी माणसं हात मागे बांधून उभी असायची."

"मला सांगायची, बाहेर कोण येतंय ते बघतेय." त्यांनी भिंग पुन्हा कपाळावर चढवलं. मग धाकटीला म्हणाले, "आता समोरून काढ तिला."

"मी कुठे पाहिलंय त्यांना? तुम्हीच काढा."

"मी? वेड लागलंय का?"

पण बसले. खिडकी आणि पडदा धाकटीनं काढला, मधली जागा त्यांना सोडली. बारीक काटा बसवावा तसा श्वास रोखून ते ब्रश टेकवत होते. दोनदा पुसलं. चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा मागे सरून बघितलं.

"नाक काही तिचं नाही. पण रागावलीय, म्हणजे तीच."

"कशावर?"

"ते कळलं असतं तर काय हवं होतं!" म्हणत ते भुवई काढायला पुन्हा वाकले.