खुणेच्या पुढचं

"शून्य आलं म्हणून टेप संपली असं धरून चालू नकोस गं. पुढे एकदा विचारून बघ," टेपकाका निवृत्त होताना म्हणाले होते. आख्ख्या ऑफिसात टेप ड्राइव्हची, म्हणजे संगणकातली माहिती साठवलेल्या टेप वाचणाऱ्या यंत्राची, नस ठाऊक असलेले ते एकटेच, म्हणून हे नाव. तिने मान डोलावली आणि सोडून दिलं. तेव्हा लेक पोटात होती आणि डोक्यात सुट्टी.

आता लेक पाळणाघरात जाते, आणि संगणकाला टेप वाचून देणारा तिने लिहिलेला ड्रायव्हर प्रोग्रॅम एका इस्पितळात चालतो. सकाळी तिथून फोन आला. एका मुलीचं हृदयाचं दुसरं ऑपरेशन उद्यावर आलेलं. तान्ही असतानाच्या पहिल्या ऑपरेशनचा अहवाल जुन्या टेपवर असायला हवा, पण टेपवर एकच फाइल दिसत होती, आणि ती भलतीच.

"पुढे टेपच रिकामी असेल त्यांची," शेजारचा सहकारी म्हणाला. "आपल्या गळ्यात कशाला घेतेस?"

"गप रे. माझंच काहीतरी चुकलं असणार."

तिने कोड उघडला. टेपवर प्रत्येक फाइलनंतर एक खूण असते. ती आली की वाचनातून शून्य मिळतं. अर्थ एवढाच, की ही फाइल संपली. तिच्या ड्रायव्हरने मात्र टेपच संपली असं ठरवून टाकलेलं. त्यानंतर कितीही वाचायला सांगा, ड्राइव्हला न विचारताच हा आपला शून्य देऊन मोकळा.

दुरुस्ती दोन-चार ओळींची. खुणेनंतर पुन्हा वाचायला सांगायचं. 'पुढे कोरी आहे' असं ड्राइव्ह स्वतः म्हणेल तेव्हाच थांबायचं. टेबलावरच्या ड्राइव्हवर तपासून तिने ती पाठवली आणि फोनकडे बघत बसली. दुपारी तो वाजला.

"मिळाला अहवाल. डॉक्टर वाचतायत."

तिने डोळे पुसले आणि काकांना फोन लावला.

"काका, तुमचं खरं ठरलं. शून्याच्या पुढे फाइल होती."

"उशिरा का होईना, शिरलं म्हणायचं डोक्यात."

"तुम्ही कसे आहात?"

"मजेत."

दर वेळी ती इथेच 'बरं, ठेवते' म्हणायची. आज तिने ठेवला नाही.

"मजेत, आणि?"

काका हळूच म्हणाले, "काकू गेल्यापासून जेवायचं राहूनच जातं गं. आज तर अंथरुणातून उठवतच नाहीये."

पाळणाघरातून लेकीला कडेवर मारून ती तशीच त्यांच्याकडे निघाली.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी 'मजेत' म्हणून थांबत असेल. आज त्यांना फोन करा, आणि ठेवण्याआधी पुढे एकदा विचारून बघा.