नसलेली बोटं

"आता सगळं लक्ष हातांच्या दहा बोटांकडे न्या," विजयश्रीताई म्हणाल्या.

"मला आठच हायती," कोंडाजीमामा म्हणाले.

पिंपळे गुरवच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये वीसेक माणसं डोळे मिटून बसली होती. डोळे कोणी उघडले नाहीत, पण दोघातिघांच्या पापण्या हलल्या. विजयश्रीताईंनी थोडा विचार केला.

"मग आठांकडे न्या, काका." ते त्यांचं त्यांनाच पटलं नसावं. "नाहीतर दहांकडेच न्या. कल्पनाच तर करायचीय."

मामांनी दहांकडे लक्ष नेलं.

कोंडाजीमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. घर कासारवाडीच्या जुन्या गावठाणात. चाकणला नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. मामा भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचा पॉवर प्रेस चालवायचे. गेल्या दिवाळीनंतर प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट नेलं. आता ते त्याच वर्कशॉपच्या गेटवर बसतात. जखम भरून आली, पण नसलेली बोटं ठणकायची आणि झोप लागायची नाही, म्हणून जयमालामामींनी त्यांना रविवारच्या ध्यानाला घातलं आणि ते मधूनच उठून येतील म्हणून सोबत मला.

मामांना ठणक्याचं एवढं काही वाटत नव्हतं. त्यांचं दुखणं शिट्टीचं होतं.

त्यांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे. सकाळी थवा सोडायचा, मनसोक्त उडू द्यायचा आणि मग ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. शिट्टी स्टेशनपर्यंत ऐकू जायची आणि थवा खाली यायचा. डाव्या हाताच्या बोटांनी नुसती हवा आणि थुंकी निघते. प्लॅस्टिकची शिट्टी आणून पाहिली, तर पुण्यात ट्रॅफिक हवालदाराच्या शिट्टीकडे लोक जेवढं लक्ष देतात तेवढंच पाखरांनी तिच्याकडे दिलं.

दोन गल्ल्या पलीकडे दादासाहेबांची गच्ची आहे आणि तिच्यावरही ढाबळ आहे. कबुतरं पाळणाऱ्यांचा इथे एक नियम आहे: ज्याच्या गच्चीवर पाखरू उतरलं, त्याचं ते झालं. कोणी मागायला जात नाही, कोणी परत करत नाही, आणि लग्नात दोघं एकाच पंगतीला बसतात. प्रेसनंतरच्या महिन्यांत मामांची पाखरं एकेक करून दादासाहेबांची झाली. शेवटी मामांनी ढाबळीला कडी घातली. उरलेल्यांत एक राखी मादी होती. ती उतरेल तिथे बाकीची उतरतात. ती गेली की ढाबळ संपली, आणि ठेवून घेतली तरी ती नुसती दाणे खाऊन जाड होत होती.

"बंद पाखरू म्हंजी कोंबडी," मामा म्हणायचे.

त्या रविवारी परत येताना रिक्षात ते म्हणाले, "बोटं आली व्हती."

"कुठली?"

"गेल्याली."

मी फिजिऑलॉजीत एम.एस्सी. केलंय आणि चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत काम करते. माणसं सीटवर बसवायची आणि कुठे रग लागते, कुठे मुंग्या येतात ते विचारायचं. त्यामुळे पुढचे प्रश्न सवयीनेच आले.

"ठणकत होती?"

"न्हाई. आधी गरम झाली. मग फुगली. काकडीएवढी."

"केवढी काकडी?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "कोशिंबिरीची. आनि मधल्याचं नख लई वाढलंय."

"नख?"

"कापलंच न्हाई ना दिवाळीपासनं."

घरी आल्यावर मी त्यांना ओट्याशेजारी स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा चेहऱ्यावरून फिरवला. कपाळावर कापूस लागला की कपाळावर लागला म्हणायचे. हनुवटीवर, हनुवटीवर. वरच्या ओठाच्या उजव्या बाजूला लावला तेव्हा म्हणाले, "ओठाला. आनि बोटाला. अंगठ्याशेजारच्या." गालाच्या खालच्या भागात मधलं बोट सापडलं. मला फार आनंद झाला. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकातली माणसं आपल्या ओट्याजवळ बसत नाहीत.

मी समजावून सांगितलं. मेंदूत सगळ्या शरीराचा एक नकाशा असतो. त्यात हाताच्या शेजारी चेहरा येतो. बोटं गेली तरी त्यांची जागा तिथे तशीच राहते, आणि शेजारच्या चेहऱ्याचे निरोप कधीकधी त्या जागेत शिरतात.

"म्हंजी बोटं गालात गेली?" मामींनी कणीक मळता मळता विचारलं.

"गालात नाही मामी, मेंदूत आहेत."

"मेंदू हाय व्हय? मग प्रेसमदी हात कशाला घातला?"

यावर मामांनी दाढीवरून हात फिरवला आणि, त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटतं, मधलं बोट खाजवून घेतलं.

पुढच्या रविवारी बोटं लवकर आली आणि बेताच्या आकारात आली. त्यापुढच्या रविवारी विजयश्रीताईंनी प्रत्येकाला मनाने त्याच्या आवडत्या जागी जायला सांगितलं. कोणी समुद्रावर गेलं असेल, कोणी डोंगरावर. मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथे असतानाच हॉलमध्ये शिट्टी वाजली.

ती लहान नव्हती. खाली पार्किंगमधल्या एका गाडीचा अलार्म सुरू झाला. सगळ्यांनी डोळे उघडले. मामांचे मिटलेले होते, दोन्ही हात मांडीवर होते, ओठ आत वळलेले होते.

"जे येतंय ते येऊ द्या," विजयश्रीताई शांतपणे म्हणाल्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी मामांना बाजूला घेतलं. "काका, रडू येऊ द्या, हसू येऊ द्या. फक्त शिट्टी घरी येऊ द्या." आणि त्यांनी घरी ऐकायला आपल्या आवाजातलं ध्यान माझ्या फोनवर पाठवलं.

घरी येताच मामा गच्चीवर धावले. डोळे उघडे ठेवून शिट्टी मारायला गेले, तर फुस्स. पुन्हा फुस्स.

"मामा, बोटांची गरजच नाही," मी म्हणाले. "बोटं फक्त जीभ मागे दुमडून धरतात. आवाज हवेचा असतो. तुमच्या जिभेला तो आकार पाठ झालाय."

"बोटांबिगर?"

"बोटांशिवाय."

"मार मग तू."

मी प्रयत्न केला. मामांनी मला रुमाल दिला.

"बोटं लागत्यात," ते म्हणाले. "आनि ती डोळं मिटल्याबिगर येत न्हाईत."

गुरुवारी भोसरीच्या एमआयडीसीला सुट्टी असते म्हणून मामा घरी होते, आणि माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळी मामांनी गच्चीवर पोतं अंथरलं, मांडी घातली, फोन पुढ्यात ठेवला आणि ढाबळीतून एकटी राखी मादी सोडली. मामी जिन्याच्या दारात उभ्या होत्या. "ही गेली तर घरात तोंड दाखवू नगा," त्या म्हणाल्या.

मादी किती महिन्यांनी उडत होती. वर गेली, स्टेशनवरून मोठा फेरा घेतला आणि दमली. दमलेलं पाखरू जवळची जागा बघतं. दादासाहेब त्यांच्या गच्चीवर आले होते. दाण्याचा डबा हलवल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

"लाव," मामा म्हणाले. मी ध्यान लावलं.

"सावकाश श्वास घ्या," फोनमधून विजयश्रीताई म्हणाल्या. "कसलीही घाई नाही."

मादी दादासाहेबांच्या गच्चीवर गोल फिरायला लागली.

"आता पायांचे तळवे सैल सोडा."

"कुठवर आली?" मामांनी डोळे मिटूनच विचारलं.

"खाली येतेय," मी म्हणाले.

"तळवं बास झालं! बोटांवर घे ते!" मामी ओरडल्या.

मी ध्यान पुढे सरकवलं. बोटं आली असतील असं धरून मामांनी ओठ वळवले. फुस्स.

"मधलं ध्यान गाळून येत न्हाईत ती," मामा म्हणाले. "तळव्यापासनं लाव."

मी तळव्यांपासून लावलं. घोटे सैल सोडून झाले. पोटऱ्या झाल्या. विजयश्रीताईंनी गुडघ्यांना फार वेळ दिला. मादी दादासाहेबांच्या पाण्याच्या टाकीवर बसली. टाकी त्यांच्या गच्चीत धरतात की नाही, हे मला माहीत नव्हतं. मामींना माहीत होतं.

"टाकीवर हाय," त्या म्हणाल्या, "खाली न्हाई उतरली अजून. तुमी बसा गप." त्यांचा आवाज खाली आला होता. त्या चप्पल काढून मामांच्या मागे येऊन बसल्या आणि त्यांनीही डोळे मिटले. कशासाठी ते मी विचारलं नाही.

पलीकडे दादासाहेबांनी मूठभर दाणे गच्चीत फेकले. मादीने मान वाकवून खाली बघितलं.

"खांदे," फोन म्हणाला. "कोपरं. मनगटं."

मामांचा उजवा हात मांडीवरच होता. पण बोटं जिथे संपतात त्याच्या पुढची हवा ते बघत असावेत असा त्यांचा चेहरा झाला. हात जागचा हलला नाही, पण ओठ आत वळले.

शिट्टी वाजली.

खालच्या गल्लीत दोन माणसं थांबली. ढाबळीतली पाखरं जाळीवर येऊन आदळली. मादी टाकीवरून उठली, दादासाहेबांच्या डोक्यावरून एक अर्धा फेरा घेतला, आणि मला वाटलं ती आता त्यांच्या दाण्यांवर बसणार. मामांनी पुन्हा वाजवली. ती दोन गल्ल्या ओलांडून सरळ आली, आमच्या कठड्यावर उतरली, तिथून ढाबळीत शिरली आणि पाण्यात चोच घातली.

मी कडी लावली.

"कोंडाजी!" दादासाहेब हाका मारत होते. "आरं लेका, बोटं कुठनं आनली?"

मामांनी डोळे उघडले नाहीत.

"आली," मी त्यांना सांगितलं. "आत आहे. उघडा आता डोळे."

"उघाडलं की बोटं जात्यात."

"मग?"

"मग काय, आल्यात तवर बाकीची पाखरंबी सोड," मामा म्हणाले, आणि मी कडी काढली.