वीतभर ढिलाई

बायकोचा मावसभाऊ मेकॅनिक होता आणि एरवी जेवढ्यास तेवढं बोलायचा. तो एकदम गोड बोलायला लागला तेव्हाच कप्तानाने ओळखलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

"भावोजी, किती वर्षं झुंजणार या स्टिअरिंगशी?" पिकअपखालून सरकत बाहेर येत तो म्हणाला. "जुना बॉक्स काढून टाकू, रॅक बसवतो. एक दातेरी दांडा, त्यावर फिरणारं छोटं दातेरी चाक, बस्स. एका बोटाने वळेल गाडी."

"मला दहा आहेत," कप्तान म्हणाला.

गल्ली त्याला कप्तान म्हणायची ती या पिकअपमुळेच. गोल बोनेटची, जवळजवळ त्याच्याच वयाची गाडी. घराला लागूनच असलेल्या आपल्या नर्सरीतली रोपं भरून तो गावभर पोचवायचा. तिचं स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकांना पत्ता लागत नसे आणि त्यापुढे वळवायला पैलवान लागे. वळण यायच्या आधीच ती वीत संपवून ठेवायची, ही युक्ती फक्त कप्तानाच्या मनगटांना ठाऊक होती. दुसरं कुणी गाडीला हात लावायला धजत नसे, आणि त्याला हवं होतं तेही हेच. कारण वर्षभरापासून त्याच्या डाव्या डोळ्यासमोर धुकं साचलं होतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर चावी गेली असती, मागोमाग कप्तानही गेला असता. उरला असता तो कुंड्यांना पाणी घालणारा एक म्हातारा.

पण बायको हट्टालाच पेटली. "अहो, हौसेने करतोय माझा भाऊ, करू द्या की!" आजवर गाडीतल्या एका नटबोल्टची चौकशी न केलेली ही बाई! शेजारच्या सीटवर बसून टकळी चालवण्यापलीकडे तिचा गाडीशी संबंध नव्हता. ती बघा सायकल, तो बघा कुत्रा, पोरं कशी खेळतायत बघा. ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

शेवटी तो हो म्हणाला, पण डोळ्यात तेल घालून पहारा द्यायचं ठरवून. म्हणजे एका डोळ्यात.

गॅरेजमध्ये स्टूल टाकून तो बसून राहिला. मेकॅनिकने जुना बॉक्स उतरवला, रॅकची जागा पुन्हा पुन्हा मोजली, ती धरायला पट्ट्या वेल्ड केल्या. स्टिअरिंगचा दांडा सायलेन्सरच्या पाइपाला घासेल म्हणून मध्ये एक जास्तीचा सांधा घातला. काम चोख होतं. त्याने तर संशय आणखीच बळावला. एवढा जीव ओतून कोण कुणाचं काम करतं? नक्की गाडी विकायचा घाट आहे. हलकी केली की गिऱ्हाईक पटकन मिळतं.

बायको डबा घेऊन यायची आणि आल्या आल्या त्याला काहीतरी आणायला पिटाळायची. तो परतला की दोघं चिडीचूप. एकदा तो केबिनमध्ये चढला तर गुडघे डॅशबोर्डवर आपटले. सीट पुढे ओढलेली होती, आणि सीटवर उशी. घरच्या सोफ्यावरची!

"सीट कुणी सरकवली?"

"मीच. वायर तपासत होतो," मेकॅनिक म्हणाला. हा सहा फुटी गडी उशी घेऊन वायर तपासणार! कुणीतरी बुटकं गिऱ्हाईक गाडी चालवून बघून गेलं होतं, आणि उशी घरची, म्हणजे बायकोच फितूर.

काम झालं तेव्हा गाडी घरी न्यायला तो स्वतः बसला. बायको शेजारी बसली. पहिला कोपरा यायच्या आत तिने तोंड उघडलं.

"आज गप्प बस," तो खेकसला. "मला गाडीचा आवाज ऐकू दे."

ती गप्प बसली. कप्तानाने सवयीने वीतभर आधीच वळवायला घेतलं की गाडी टुणकन बाजूला पळायची. त्याने शिव्या घालत ती कशीबशी नर्सरीपर्यंत आणली, फाटकाशी डावीकडे वळवली, आणि बायको "अहो!" म्हणेपर्यंत डावा दिवा खांबावर फुटला.

"बघितलंस? वाट लावली तुझ्या भावाने! विका आता! बोलव तुझ्या त्या बुटक्या गिऱ्हाइकाला!"

"कोण बुटकं?"

"तो उशीवाला!"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरले. "उशीवाली मी आहे. मीच शिकतेय. जुनं स्टिअरिंग माझ्याच्याने वळेना, म्हणून बदलायला लावलं."

"तुला काय गरज?"

"वर्षभर डावीकडच्या सायकली सांगतेय, कुत्री सांगतेय, पोरं सांगतेय. मला काय बडबडायची हौस आहे? आज तुम्ही गप्प बस म्हणालात, मी बसले. चुकलंच माझं."

कप्तान फुटलेल्या दिव्याकडे बघत राहिला. उजवीकडची एकही सायकल तिने त्याला कधी दाखवली नव्हती. त्याला लाज वाटली, आणि ती लपवायला आता जागाही उरली नव्हती.

तो उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि ती स्टिअरिंगकडे सरकल्यावर तिच्या जागी बसला. त्या बाजूचं दार आतून कसं लावतात ते त्याला माहीत नव्हतं. तिनेच वाकून लावलं. मग सीट पुढे ओढली, उशी घेतली आणि गाडी अलगद मागे घेतली.

"उजवीकडून स्कूटर येतेय," तो म्हणाला.

"दिसतेय मला. गप्प बसा, गाडीचा आवाज ऐकू द्या."