रंगूनवालीनं प्यालेला माठ

बासष्ट सालच्या जूनमध्ये आम्ही बारा दिवसांत एकोणीस संसार उचलले. उचलले म्हणजे खरोखर पाठीवर. सरकारी बदल्यांचे कागद निघाले की अमरावतीचा माणूस अकोल्याला, अकोल्याचा अमरावतीला, आणि दोघांची कपाटं आमच्या मानेवर. या लोकांनी आपसात नुसत्या घराच्या किल्ल्या बदलल्या असत्या तर आमची हाडं वाचली असती. पण हे सरकारला कोण सांगणार.

आम्ही म्हणजे दोघं. गाडी जैनुद्दीनची, चालवणारा मी, आणि ओझं दोघांचं. गाडी लढाईतली, लिलावात घेतलेली. रंगूनकडे जपान्यांनी ती पकडली होती आणि आठव्या दिवशी आपण होऊन परत आणून दिली, कारण तिला पाणी पाजता पाजता त्यांची अख्खी पलटण तहानेनं आडवी व्हायला आली. हे मला जैनुद्दीननं सांगितलं. जैनुद्दीनला मी सांगितलं होतं, तेव्हा खोटं असायचं कारण नाही. आम्ही तिला रंगूनवाली म्हणायचो.

विसावा संसार इंदूबाईंचा. त्या सरकारी दवाखान्यात नर्स. बदली अकोल्याला झालेली आणि सोबत म्हातारी आई, सुंदराबाई. दोन महिन्यांत त्यांचं सामान आम्ही दोनदा अकोल्याला नेलं आणि दोनदा परत आणलं. पहिल्या घरमालकानं सामान उतरल्यावर आडनाव विचारलं. दुसऱ्यानं आडनाव विचारलं नाही, पण ट्रंकेतून निघालेली बुद्धाची तसबीर पाहिली आणि आपला भाचा राहायला येणार असल्याचं त्याला एकाएकी आठवलं. इंदूबाईंचा एक लोखंडी पलंग होता. तो इतक्यांदा चढवला-उतरवला की मला तो नात्यातला वाटायला लागला होता.

हजर व्हायची मुदत त्यांनी दोनदा वाढवून घेतली होती. आता सोमवारी हजर, नाहीतर नोकरी गेली. आणि म्हाताऱ्या आईला धर्मशाळेत ठेवून बाई रातपाळी करणार कशी? खोली मिळायलाच हवी होती.

तिसरी खोली जठारपेठेत, माणिकबाई नावाच्या विधवेची. तिनं आडनाव ऐकलं आणि म्हणाली, "त्याचं मी काय करू? माह्या घरात पानी पायजे." रिकाम्या भांड्यानं आलेला भाडेकरू तिच्याकडे टिकत नसे, असा तिचा पंचवीस वर्षांचा अनुभव. त्यामुळे तिचा एकच नियम. शनिवारी दिवा लागायच्या आत ज्याचं भरलेलं भांडं उंबरठ्याच्या आत येईल, खोली त्याची. तोवर ती कोणालाच नाही म्हणत नसे.

म्हणून त्या शनिवारी सुंदराबाईंनी अमरावतीतच माठ भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडीत मागे, वळकटीवर बसून तो मांडीत धरला. मूर्तिजापूरपर्यंत एक थेंब सांडू दिला नाही.

मूर्तिजापूरला जैनुद्दीन म्हणाला, "खुशालभाऊ, अर्धी गाडी खाली हाय. कचेरीतला एक कारकून अकोल्याले जाऊन राहिला. घेऊन घेऊ त्याचंबी."

आमच्या धंद्यात दोन गोष्टी विचारतात. गाव कोणतं आणि कपाटं किती. गल्ली कोणी विचारत नाही, ती पोचल्यावर कळतेच. कारकुनाचं एकच कपाट होतं. आम्ही त्याचा संसार नर्सबाईंच्या संसारावर रचला, सगळ्यात वर त्याची तांब्याची घागर उपडी घातली. कारकुनाचं नाव नत्थुजी. छत्री घेऊन तो माझ्याशेजारी बसला आणि सगळा रस्ता सूर्याकडे पाहत राहिला.

बोरगावच्या पुढे रंगूनवालीनं नाकातून वाफ सोडली. उतरलो. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत ठणठणाट. बाजूच्या शेतात विहीर होती. जैनुद्दीन पायऱ्या उतरून तळापर्यंत गेला. तळाशी एक बेडूक, तोही आमच्याकडे पाणी मागायच्या बेतात. अकोला आठ मैल राहिलेलं.

नत्थुजी खाली उतरून येरझाऱ्या घालायला लागला. "दिवा लागाच्या आत पोचाचं हाय बाप्पा. घरमालकीन भल्ली खट हाय."

"कुठीसा घेतली खोली?" इंदूबाईंनी वरून विचारलं.

"जठारपेठेत. मानिकबाई म्हनून हाय एक."

मी जैनुद्दीनकडे पाहिलं. जैनुद्दीननं टायरकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या धंद्यात एकाच खोलीचे दोन संसार आम्ही पहिल्यांदाच एका गाडीत भरले होते, तेही एकावर एक.

इंदूबाई एवढंच म्हणाल्या, "आमीबी तिथंच चाललो."

नत्थुजीनं छत्रीच्या टोकानं माती उकरली. मग म्हणाला, "मी खोटं नाई बोलत, बाई. माहा साडू त्याच गल्लीच्या टोकाले राह्यते. त्याच्या घरी रांजन भरला असते. पन गाडीच नाई हालली तर दोघंबी गेलो. तो माठ भरला हाय ना तुमचा?"

"नोको, आई," इंदूबाई म्हणाल्या.

म्हातारीनं हिशेब केला असावा. माठ राखला तर रस्त्यावरच दिवे लागणार. माठ दिला तर पोचणार, पण रिकाम्या. तिनं फडक्याची गाठ सोडली.

"विहिरीवर उभं राहून मी लोकाइले पानी मांगितलं हाय," ती म्हणाली. "कोनी मले मांगन, असं नोतं वाटलं. घे बाप्पा."

माठ माझ्या हातात आला. रंगूनवालीनं तो घटाघटा पिऊन टाकला आणि ढेकरही दिला नाही. इंदूबाई रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत होत्या.

जठारपेठेत शिरलो तेव्हा सूर्य छपरांना टेकला होता. गाडी थांबायच्या आधीच नत्थुजीनं घागर ओढून काढली आणि साडूच्या घराकडे पळत सुटला. माणिकबाई उंबरठ्यावर बसून वात वळत होती. नळ तिथं सकाळीच यायचे. शेजारच्या दोन घरी इंदूबाईंनी विचारलं, दोन्हीकडे पाणी संपलं होतं, किंवा तसं सांगितलं गेलं.

"माठ खाली हाय आमचा," त्या माणिकबाईला सरळच म्हणाल्या.

"मंग थांबा," माणिकबाई म्हणाली आणि वात वळत राहिली.

मी पायरीवर बसलो. पाठ अशी झाली होती की बसताना तिचा आवाज जैनुद्दीनला ऐकू गेला. समोर नुसता तो पलंग दिसत होता. आज उतरवायचा नाही, म्हणजे परत न्यायचा. अमरावतीला पुन्हा जिन्यानं वर. पुढच्या महिन्यात पुन्हा खाली. इथं मी काही पुण्य केलं असं कोणी समजू नये. त्या पलंगाच्या धसक्यानंच माझं डोकं चाललं.

"बादली दे," मी जैनुद्दीनला म्हणालो आणि गाडीखाली सरपटलो.

रेडिएटरच्या खालची तोटी मी फिरवली. पाणी वाफाळत बादलीत पडलं. जैनुद्दीननं काही न विचारता माठाच्या तोंडावर आपला पंचा ताणला आणि त्यातून ते गाळलं. पंचात गंजाचा एवढा गाळ राहिला की त्याचा खिळा झाला असता. रंगूनवाली एक माठ प्यायली होती, तिनं सव्वा माठ दिला. थोडं रंगूनचंही आलं असेल. रंग कडक चहाचा, वर तेलाचे डोळे.

सुंदराबाईंनी फडकं बांधलं, माठ कमरेवर घेतला आणि उंबरठा ओलांडला.

माणिकबाईनं माठाला हात लावला. "गरम काहून हाय वो?"

"जून महिना हाय," सुंदराबाई म्हणाल्या.

माणिकबाईनं फडकं बाजूला केलं आणि आत बराच वेळ पाहिलं. मी जैनुद्दीनकडे पाहिलं, जैनुद्दीननं परत टायर शोधला.

"हे प्याचं हाय?"

"नाई," इंदूबाई म्हणाल्या. "प्याचं उद्या नळ आल्यावर भरीन."

माणिकबाईनं फडकं पुन्हा नीट बांधलं. "भरलं तं हाय," ती म्हणाली, आणि उठून तिनं दिवा लावला.

तेवढ्यात नत्थुजी आला. घागर खांद्यावर, अर्धा सदरा भिजलेला. त्यानं दिवा पाहिला, घागर खाली ठेवली आणि छत्री कुठं विसरली ते आठवत उभा राहिला. हसलं कोणीच नाही.

आता खरा ताप. नर्सबाईंचं सामान तळाशी, नत्थुजीचं वर. आधी त्याचा सगळा संसार रस्त्यावर मांडला, तेव्हा कुठं बाईंचा आत न्यायला मिळाला. पलंगाशी आलो तर दुसऱ्या टोकाला जैनुद्दीन नव्हता, नत्थुजी होता. त्याला नुसतं बसून आपला संसार रस्त्यावर पाहवेना असं दिसलं.

"भल्ला जड हाय," तो म्हणाला.

"मले सांगून राहिले? दहाव्यांदा उचलून राहिलो."

पलंग आत गेला. इंदूबाईंनी भिंतीला टेकवला न टेकवला तोच त्याच्या उघड्या पट्ट्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी पट्ट्या धरून ठेवल्या, कोणी परत काढून नेईल अशा. मला त्यांना सांगावंसं वाटलं, बाई, निदान मी तरी नेणार नाही.

मग नत्थुजीचं कपाट, नत्थुजीच्या ट्रंका, नत्थुजीचं जातं पुन्हा गाडीत. रंगूनवाली मात्र कोरडी उभी होती. नत्थुजीनं स्वतःच घागर उचलली आणि झाकण उघडून सगळी तिच्यात रिकामी केली.

"घ्या, खुशालभाऊ. कोनाच्या तरी कामी येऊ द्या."

मी स्टिअरिंगवर बसलो आणि त्या अख्ख्या जून महिन्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला गल्ली विचारली.

"हेच. टोकाले, साडूच्या घरी," नत्थुजी म्हणाला. मग जरा थांबून, "पानी मांगितलं ते देल्लं त्यानं. राहाचं अजून इचारलं नाई."

मागे जैनुद्दीन नत्थुजीच्या गादीवर झोपला होता. मी गाडी चालू केली आणि शक्य तितकी सावकाश नेली.